कुंडीतल्या जास्वंदीची पानं पिवळी का पडतात

जास्वंदीचं पान पिवळं दिसलं की बहुतेकांचा हात खताच्या डब्याकडे जातो. निम्म्याहून जास्त वेळा तिथेच चूक होते. पान पिवळं पडायला खत कमी पडणं हे एकच कारण नसतं, आणि कुंडीतल्या जास्वंदीत ते पहिलं कारण तर क्वचितच असतं. जादा पाणी, चिकट माती, बोअरचं क्षारयुक्त पाणी, चुकीच्या जातीचं खत आणि कीड हे सगळे त्याच्या आधी रांगेत उभे असतात. कुठलं पान पिवळं झालंय आणि त्याचा कुठला भाग पिवळा झालाय हे नीट पाहिलं, तर कारण बऱ्यापैकी कळतं. औषध त्यानंतर.

फांदीच्या बुडाशी असलेलं सगळ्यांत जुनं एखाद-दुसरं पान पूर्ण पिवळं होऊन गळत असेल आणि शेंड्याला नवी हिरवी पानं येत असतील, तर काही करायचं नाही. ते पान म्हातारं झालंय. थंडी संपताना, जानेवारी-फेब्रुवारीत, अशी पानं जरा जास्त गळतात. नर्सरीतून आणलेलं रोपही पहिले दोन आठवडे पानं टाकतं. हिरव्या जाळीखाली, रोजच्या फवाऱ्यात वाढलेलं झाड एकदम तिसऱ्या मजल्यावरच्या वाऱ्यात आणि उन्हात आलेलं असतं. आणल्या दिवशीच कुंडी बदलू नका. आठ-दहा दिवस सकाळचं ऊन मिळेल पण दुपारचं लागणार नाही अशा जागी ठेवा आणि मग हळूहळू उन्हात न्या. थेट कडक उन्हात ठेवलं तर पानांवर पांढुरके, कागदासारखे करपलेले डाग पडतात. तो रोग नाही, बुरशीनाशक मारून ते जाणार नाहीत.

खालची बरीच पानं एकदम पिवळी पडत असतील तर आधी माती पाहा. बोट दोन पेरं आत घाला. माती ओली आणि थंड लागत असेल, वर हिरवट शेवाळ असेल, कुंडीला कुबट वास येत असेल, तर पाणी जास्त होतंय. मुळांना हवा मिळत नाही, ती कुजायला लागतात, आणि मग माती ओली असूनही झाड मान टाकतं. इथे लोक फसतात. झाड मलूल दिसतंय म्हणून आणखी पाणी घालतात आणि उरलेली मुळंही घालवतात. माती ओली असताना सकाळी नऊलाही पानं लोंबत असतील तर मुळांचं दुखणं आहे असं समजा. एप्रिल-मेच्या दुपारी पानं थोडी झुकली आणि संध्याकाळी आपोआप ताठ झाली, तर ते फक्त ऊन आहे.

उलट माती कडेने सुटून कुंडी आणि मातीच्या गोळ्यात फट पडली असेल, तर वरून घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली जातं. भोकातून पाणी आलं म्हणून आपण खूश होतो, गोळा मात्र आतून कोरडाच राहतो. अशा वेळी कुंडी बादलीभर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा, बुडबुडे थांबले की काढा. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, जास्त असलेली कुंडी खडखडीत वाळली तर तिच्यातही हे होऊ शकतं.

पाणी किती घालायचं याला ठरावीक लिटर नाही. नियम एवढाच: वरची इंचभर माती कोरडी झाली की घालायचं, आणि घालताना खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत घालायचं. रोज कपभर पाणी देणं ही सगळ्यांत वाईट सवय, कारण त्यात वरची माती कायम चिकट आणि खालची मुळं कायम तहानलेली राहतात. उन्हाळ्यात १२ इंची मातीच्या कुंडीला रोज, गच्चीवर असेल तर कधी दोनदा लागेल. तीच जास्वंद प्लास्टिकच्या कुंडीत, हिवाळ्यात, दोन-तीन दिवस सहज काढते. कुंडीखालच्या ताटलीत साचलेलं पाणी ओतून टाका.

आता मातीबद्दल, कारण जास्वंदीची निम्मी दुखणी इथेच जन्मतात.

सामू, म्हणजे मातीची आम्लता सांगणारा पीएचचा आकडा, ६ ते ६.८ च्या दरम्यान, म्हणजे किंचित आम्ल माती या झाडाला मानवते. कोकणातली जांभ्याची लाल माती त्यामुळेच तिला आवडते. देशावरची काळी माती मात्र चिकट असते आणि तिच्यात बऱ्याचदा चुनखडी असते. शेतात मूळ खोल जाऊन वाट काढतं, कुंडीत ती सोय नाही. नर्सरीतली रोपं बहुधा लाल मातीच्या घट्ट गोळ्यात येतात. तो गोळा जसाच्या तसा हलक्या मातीत ठेवला तर मुळं गोळ्याबाहेर यायला महिने लावतात. कुंडी बदलताना गोळ्याच्या बाजू बोटांनी हलक्या हाताने मोकळ्या करा, तळाशी गोल फिरलेली मुळं कापा.

१२ इंची कुंडीसाठी हे मिश्रण चालतं: चार भाग लाल माती किंवा पोयटा, तीन भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, दोन भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग जाड रेती किंवा परलाइट (पांढरे हलके दाणे), आणि वर दोन मुठी निंबोळी पेंड. मुंबई-कोकणात जिथे पावसाळाभर कुंडी ओली राहते, तिथे कोकोपीट निम्मं करून रेती वाढवा. कोकोपीटच्या विटा भिजवून एकदा पाणी फेकून द्यायचं, कारण त्यात मीठ असतं आणि ते पानांच्या कडा जाळतं. शेणखत हातात घेतल्यावर शेणाचा वास येता कामा नये. अर्धवट कुजलेलं खत कुंडीत कुजत राहतं आणि त्या कामात झाडाचा नत्र (नायट्रोजन) वापरून टाकतं. शिवाय त्यातून हुमणीच्या अळ्या येतात. पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या जाड अळ्या मातीत दिसल्या की झाड का वाळतंय याचं उत्तर मिळालं. त्या मुळं खातात. कुंडी उलटी करून वेचून काढण्याइतका खात्रीचा उपाय दुसरा नाही.

तळाशी खडीचा थर द्यावा असं सगळीकडे सांगितलं जातं. त्याने निचरा सुधारत नाही. पाणी बारीक मातीतून जाड खडीत सहज उतरत नाही, ते सीमेवर थांबतं आणि ओला पट्टा उलट मुळांच्या जवळ, वर सरकतो. भोकावर खापरीचा तुकडा उपडा ठेवला की माती वाहून जात नाही, तेवढं पुरे. भोकं मात्र तीन-चार आणि बोट जाईल एवढी हवीत. पुष्कळ प्लास्टिकच्या कुंड्यांची भोकं अर्धवट बंदच असतात, लावण्याआधी तपासा.

यानंतरचा प्रकार देशावरच्या शहरांत, विशेषतः बोअर किंवा टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायट्यांत, सगळ्यांत जास्त दिसतो: शेंड्याची नवी पानं पिवळी, जवळजवळ पांढरट, आणि त्यात शिरांची हिरवी जाळी स्पष्ट दिसणारी. शेतकरी याला केवडा पडणं म्हणतात. ही लोहाची कमतरता. गंमत अशी की मातीत लोह बहुधा असतंच. पाण्यातल्या क्षारांनी मातीचा सामू वर गेलेला असतो आणि त्या सामूला लोह विरघळत नाही, म्हणून मुळांना ते घेता येत नाही. कुंडीच्या कडेला आणि मातीवर पांढरी पापुद्र्यासारखी साय जमत असेल तर निदान पक्कं.

उपाय तीन पातळ्यांवर. पानं लवकर हिरवी करायची तर चिलेटेड लोह, ज्याच्या पुडीवर ईडीटीए आणि १२ टक्के असं लिहिलेलं असतं, ते अर्धा ग्रॅम एक लिटर पाण्यात मिसळून संध्याकाळी पानांवर फवारा. दहा दिवसांनी पुन्हा. मातीतून द्यायचं असेल तर ईडीटीए क्षारयुक्त मातीत टिकत नाही. तिथे ईडीडीएचए लिहिलेलं, ६ टक्क्यांचं, गडद लालसर चूर्ण घ्या. एक ते दोन ग्रॅम लिटरभर पाण्यात, ओल्या मातीत. हे महाग असतं, पण पुडी वर्षभर पुरते. स्वस्तात करायचं तर हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट: दोन ते तीन ग्रॅम लिटरभर पाण्यात, त्यात अर्धं लिंबू पिळून, महिन्यातून एकदा मातीत. लिंबू उगाच नाही. आम्ल नसेल तर हिराकशीतलं लोह हवेशी संयोग होऊन गंजतं, पाणी तांबूस गढूळ होतं आणि ते झाडाच्या कामाचं उरत नाही. म्हणून द्रावण करून ठेवू नका, लगेच वापरा. आणि बाल्कनीच्या फरशीवर सांडू देऊ नका, गंजाचे डाग निघत नाहीत.

तिसरी पातळी म्हणजे मूळ कारण. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा कुंडीत मावणाऱ्या मातीच्या दुप्पट पाणी सावकाश घालून क्षार धुवून काढा, शक्य तर गोड्या पाण्याने. पावसाळ्यात हे काम पाऊसच करतो. म्हणून पुष्कळ घरांत मे महिन्यात पिवळीधमक झालेली जास्वंद जुलैत काहीही न करता हिरवी होते, आणि श्रेय मधल्या काळात घातलेल्या कुठल्यातरी घरगुती टॉनिकला मिळतं.

अंड्याची टरफलं घालणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. टरफल म्हणजे चुनाच. ते सावकाश विरघळतं आणि सामू असलाच तर वर ढकलतं. क्षारयुक्त पाण्यावर वाढणाऱ्या जास्वंदीला ते नकोच.

जुन्या पानांच्या शिरांमधला भाग पिवळा आणि नवी पानं ठीक, असं उलटं चित्र असेल तर मॅग्नेशियम कमी आहे. एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, तीन ते पाच ग्रॅम लिटरभर पाण्यात, पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा फवारा. दर आठवड्याला एप्सम सॉल्ट घालायची गरज नसते. जुनी पानं सगळीच फिकी, शिरांसकट, आणि नवी पानं लहान येत असतील तर नत्र कमी पडतोय. पावसाळ्याच्या शेवटी हे होतं, कारण नत्र पाण्याबरोबर वाहून गेलेला असतो. जुन्या पानांच्या कडा तपकिरी होऊन आत सरकत असतील तर पालाश (पोटॅश) कमी, किंवा मीठ जास्त. मातीवर पांढरी साय आहे का पाहून ठरवा.

खताच्या बाबतीत जास्वंद गुलाबासारखी नाही. तिला नत्र आणि पालाश भरपूर लागतं, स्फुरद (फॉस्फरस) थोडंच. जास्त स्फुरद मातीत लोहाला बांधून ठेवतं आणि वर सांगितलेला केवडा आणखी वाढवतं. म्हणून डीएपी, सुपर फॉस्फेट आणि वाट्या-वाट्यांनी हाडांचा चुरा जास्वंदीला घालू नका. फुलांसाठी म्हणून विकलं जाणारं १२:६१:०० किंवा ००:५२:३४ याच कारणाने टाळा. पुडीवरचे तीन आकडे क्रमाने नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे असतात; मधला स्फुरदाचा, तेवढं लक्षात ठेवलं तर दुकानदाराला विचारावं लागत नाही. सोपा क्रम असा: एका आठवड्यात १९:१९:१९, पुढच्या दोन आठवड्यांत १३:००:४५, प्रत्येक वेळी एक ग्रॅम प्रति लिटर, १२ इंची कुंडीला साधारण लिटरभर, आणि नेहमी आधी साधं पाणी घातलेल्या ओल्या मातीत. कोरड्या मातीत खत घातलं की मुळं भाजतात. सोबत दीड-दोन महिन्यांनी दोन मुठी गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड मातीत खुरपून द्या. कडक थंडीत आणि आजारी झाडाला खत बंद. सडलेल्या मुळांच्या झाडाला खत म्हणजे ताप आलेल्याला श्रीखंड-पुरी.

केळ्याची साल, चहाचा चोथा, तांदळाचं धुवण यांना माझा विरोध नाही, पण त्यांची जागा कंपोस्टच्या डब्यात. साखर-दूध असलेला चोथा कुंडीत टाकला तर बुरशी आणि मुंग्या येतात, आणि जास्वंदीवर मुंग्या आल्या की मागोमाग काय येतं ते पुढे.

कीड म्हटली की जास्वंदीत पहिलं नाव पिठ्या ढेकणाचं. शेंड्याला, कळ्यांच्या देठाशी, पानांच्या बेचक्यात कापूस लागल्यासारखं दिसतं. गुलाबी पिठ्या ढेकूण जिथे रस शोषतो तिथे त्याच्या लाळेतल्या विषाने शेंडा आखडतो, पानं एकमेकांत गुंतून गड्ड्यासारखी होतात. असा गड्डा झालेला शेंडा सुधारत नाही. तो दोन इंच खालून कापा, पिशवीत बांधून टाका, कुंडीत किंवा खाली बागेत टाकू नका. उरलेल्या झाडाला पाण्याच्या जोरदार धारेने खालून वर धुवा. मग कडुनिंबाचं तेल पाच मिली, द्रवरूप साबण दोन मिली, कोमट पाणी एक लिटर. आधी तेल आणि साबण एकत्र घोटा, मग पाणी घाला, नाहीतर तेल वर तरंगतं आणि काही पानांवर नुसतं तेलच पडतं. ऊन उतरल्यावर, पानांच्या पाठीवर आणि बेचक्यात पोचेल असं फवारा. भांड्यांचा साबण कडक असतो. पहिल्यांदा दोन-तीन पानांवर मारून एक दिवस थांबा.

एकदा फवारून सोडून देणं हेच इथलं अपयश. अंडी कापसासारख्या पिशवीत असतात आणि तिथे फवारा पोचत नाही. त्यातून आठवडाभरात पिल्लं निघतात. म्हणून दर पाच-सहा दिवसांनी, किमान तीन वेळा. कीड थोडीच असेल तर कापसाच्या बोळ्याला सर्जिकल स्पिरिट लावून टिपून काढणं सगळ्यांत स्वच्छ.

मुंग्या हटवल्याशिवाय हे सगळं पुन्हा होणार. पिठ्या ढेकूण आणि मावा गोड चिकट द्रव सोडतात, मुंग्या तो खातात आणि बदल्यात त्यांना मित्रकिड्यांपासून राखतात. कुंडी स्टँडवर ठेवून पायांना व्हॅसलीनचा पट्टा ओढा, भिंतीला टेकलेल्या फांद्या कापा. त्याच चिकट द्रवावर काळी काजळी वाढते. ती पुसली की जाते, कीड गेली की परत येत नाही. तिच्यासाठी वेगळं औषध नको. मावा फुगीर कळ्यांवर आणि कोवळ्या शेंड्यांवर असतो, नुसत्या पाण्याच्या धारेने तीन दिवस धुतला तरी पुष्कळदा जातो. पिठ्या ढेकणांत कधी पांढऱ्या, लांब धागे असलेल्या, भरभर चालणाऱ्या अळ्या दिसतात. त्या ढेकूण खाणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळ्या असू शकतात. भरभर चालत असतील तर मारू नका.

मार्च ते मे या कोरड्या दिवसांत लाल कोळी. पान दुरून धुरकट, निस्तेज दिसतं. जवळून पाहिलं तर बारीक पिवळे ठिपके, आणि पाठीवर अगदी झिरझिरीत जाळं. पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. ठिपके चालायला लागले की कोळी. हा कीटक नाही, म्हणून बहुतेक कीटकनाशकांनी मरत नाही. इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक मारल्यावर कोळी वाढल्याचं अनेकदा दिसतं. रोज सकाळी पानांची पाठ धुणं हा अर्धा उपाय. वाढला असेल तर पाण्यात मिसळणारं गंधक दोन ग्रॅम प्रति लिटर, पण पारा ३२ अंशांच्या वर असताना नाही, आणि कडुनिंब तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवडे अजिबात नाही. तेल आणि गंधक एकत्र आले की पानं भाजतात. एप्रिलमध्ये दिवसाचा पारा बहुतेक ठिकाणी ३२ च्या वरच असतो, तेव्हा व्यवहारात पाणी आणि साबणच.

आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात शिरणाऱ्या कीटकनाशकांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: घरच्या जास्वंदीवर नकोत. हे फूल देवाला जातं, केसांच्या तेलात जातं, काही घरांत चहात जातं. शिंजीर आणि मधमाश्या त्यातला मध पितात. पानात शिरलेलं विष फुलातही असतं.

पावसाळ्यात पानांवर तपकिरी, पिवळ्या कडेचे गोल ठिपके येतात. ती पानं तोडा, खाली पडलेली उचला, कुंड्या एकमेकींपासून हातभर दूर ठेवा आणि विटांवर उचलून ठेवा म्हणजे भोकं मोकळी राहतात. पसरतच असेल तर कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक अडीच ग्रॅम प्रति लिटर, उघडीप पाहून. मुळकुजीसाठी मातीत ट्रायकोडर्मा देत असाल तर हे औषध मातीवर पडू देऊ नका, ट्रायकोडर्मा ही उपयोगी असली तरी बुरशीच आहे.

पानं वाटीसारखी वळलेली, पाठीवरच्या शिरा जाड झालेल्या किंवा त्यांवर बारीक पानासारखी वाढ, आणि भिंगातून पाहूनही कीड नाही, असं असेल तर पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू असण्याची शक्यता मोठी. त्याला औषध नाही. अशा झाडाच्या फांद्या कुणाला लावायला देऊ नका आणि ती कात्री धुतल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावू नका. शेजारच्या कुंड्यांजवळ पिवळे चिकट सापळे पानांच्या उंचीवर टांगा.

छाटणीने पानांचा प्रश्न अर्धा हलका होतो, कारण दाट झाडातच कीड लपते आणि कोवळ्या नव्या फुटीवर पानंही चांगली येतात, फुलंही. फेब्रुवारीच्या शेवटी एक तृतीयांश, बाहेरच्या दिशेने असलेल्या डोळ्याच्या (नवी फूट निघते त्या जागेच्या) वर पाव इंचावर, तिरका काप. छाटल्यापासून फुलं यायला साधारण दीड-दोन महिने लागतात, त्यामुळे गणपतीला भरपूर फुलं हवी असतील तर जूनच्या सुरुवातीला आणखी एक हलकी छाटणी करा. मेच्या उन्हात किंवा नाशिक-निफाड-नागपूरकडच्या कडाक्याच्या थंडीत कात्री बाजूला ठेवा. पारा १० अंशांच्या खाली गेला की जास्वंद तशीही पानं टाकते.

दर दोन वर्षांनी, जूनमध्ये किंवा फेब्रुवारीच्या छाटणीबरोबर, झाड कुंडीतून काढून गोळ्याच्या कडेची इंचभर मुळं सुरीने कापा आणि त्याच कुंडीत नवं मिश्रण भरून लावा. पाणी घातल्याबरोबर वाहून जाणं, खत देऊनही पानं लहान येणं ही मुळं कोंडल्याची खूण. मुळं कापली की वरूनही तेवढंच छाटायचं.

मोठ्या, रंगीबेरंगी फुलांची जी संकरित जास्वंद पुणे व्हरायटी म्हणून विकली जाते, ती बऱ्याचदा गावठी लाल जास्वंदीवर कलम केलेली असते. जमिनीपासून चार-सहा इंचांवर खोडाला सांध्याची गाठ दिसते. त्या गाठीच्या खालून फुटलेली फांदी जोमदार असते आणि तिची पानं वेगळी, लहान, चकचकीत, जास्त दातेरी दिसतात. ती ठेवली तर वर्षभरात वरचं कलम मागे पडतं आणि पिवळं फूल देणारं झाड लाल फुलं द्यायला लागतं. कोवळी असतानाच बुडाशी धरून ओरबाडून काढा. नुसती कापली तर तिथूनच पुन्हा फुटते.